शालेय शिक्षणातील मुक्त संगणक प्रणाली : केरळचा अनुभव व मराठीतील कार्य

शाळेतील संगणक शिक्षणाची चर्चा बहुधा यंत्रांची संख्या आणि खरेदीचा खर्च यांभोवती फिरते. त्या यंत्रावर चालणारी प्रणाली कोणाच्या मालकीची आहे, विद्यार्थ्याला तिची प्रत घरी नेता येते काय, शिक्षकाला तीत पाठ्यपुस्तकाची परिभाषा घालता येते काय, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार केरळच्या अनुभवाच्या आधारे केला आहे.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेल्या लिनक्सची जोड मिळून पुढे परिपूर्ण मुक्त कार्यप्रणाली सिद्ध झाली. स्टॉलमन यांच्या भूमिकेनुसार वापरकर्त्यास चार स्वातंत्र्ये असावी लागतात : प्रणाली कोणत्याही हेतूने चालविणे, तिचा स्रोत अभ्यासून तीत बदल करणे, तिच्या प्रती वाटणे आणि बदललेली आवृत्तीही वाटणे. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दामुळे जो घोळ होतो तो मराठीत होण्याचे कारण नाही, कारण ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे दोन वेगळे शब्द आपल्याजवळ आहेत. तरीही ‘फुकट मिळते’ एवढाच अर्थ प्रचलित आहे. गणिताच्या अध्यापनात लोकप्रिय असलेले जिओजेब्रा शाळांना विनामूल्य मिळते. परंतु त्याच्या व्यापारी वापरावर निर्बंध आहेत. विनामूल्य ते सर्व मुक्तच असते, असे म्हणूनच म्हणता येत नाही.

केरळमध्ये ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ हा प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाला. आरंभीचे शिक्षण मालकी हक्काच्या प्रणालींवर आधारलेले होते. त्यास शिक्षक संघटना व मुक्त सॉफ्टवेअरचे कार्यकर्ते यांनी आक्षेप घेतला आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत तेथील शालेय संगणक शिक्षण ग्नू/लिनक्सवर आले. २०१७ मध्ये या प्रकल्पाचे रूपांतर ‘काइट’ या शासकीय कंपनीत झाले. मुक्त प्रणालींमुळे सुमारे ३,००० कोटी रुपये वाचल्याचे काइटने २०१९ मध्ये सांगितले. हा आकडा परवान्यांची किंमत किती गृहीत धरली यावर अवलंबून असल्याने त्यास फार महत्त्व देण्याचे कारण नाही.

महत्त्व आहे ते वेगळ्याच गोष्टीला. तेथे प्रशिक्षक शाळांतील शिक्षकांमधूनच निवडले गेले. राज्यभर एकच प्रणाली, तीत पाठ्यपुस्तकाला लागणारी साधने आणि दहावीला त्याच प्रणालीवर प्रात्यक्षिक परीक्षा, अशी सांगड घातली गेली. परीक्षेत नसलेला विषय वेळापत्रकात किती तग धरतो, हे अध्यापकांना सांगावयास नको. याउलट, २००४ च्या केंद्रीय योजनेखाली अनेक राज्यांनी संगणक कक्ष मुदतीच्या करारावर खाजगी संस्थांकडे सोपविले. करार संपला की निदेशकही गेला. विषयाच्या शिक्षकाचा त्या कक्षाशी संबंध जुळलाच नव्हता. अशा कक्षात मुक्त प्रणाली बसविली असती तरी तिच्यातील स्वातंत्र्य वापरणारा कोणी नव्हता.

हे स्वातंत्र्य वापरणे म्हणजे संगणकतज्ज्ञ होणे नव्हे. भाषांतराचे उदाहरण घ्यावे. बहुतेक मुक्त आज्ञावलींत पडद्यावर दिसणारा मजकूर मूळ कार्यक्रमापासून अलग, एका साध्या मजकूर-फाइलीत ठेवलेला असतो. एका ओळीत इंग्रजी शब्द, खालच्या ओळीत त्याचा प्रतिशब्द. कार्यक्रमाला हात न लावता ही दुसरी ओळ भरता येते आणि परवाना आधीच दिलेला असल्याने कोणाची अनुमतीही लागत नाही. लिबरऑफिसचा मराठी तोंडवळा स्वयंसेवकांनी अशाच रीतीने घडविला आहे.

येथे भाषाज्ञानाइतकेच विषयज्ञान लागते. बालभारतीच्या भूमितीत ‘मध्यगा’, ‘शिरोलंब’, ‘परिवर्तुळ’ या संज्ञा रूढ आहेत. पडद्यावर त्यांऐवजी शब्दकोशातून उचललेला दुसराच शब्द आला, तर नववीतील विद्यार्थी ती आकृती आणि पुस्तकातील प्रमेय एकच आहेत हे ओळखू शकत नाही. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात मुक्त प्रणालींविषयीचे छोटे दृक्‌श्राव्य पाठ मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत व ते स्वयंअध्ययनास उपयुक्त आहेत. परंतु त्यांतही निवेदन मराठी आणि पडदा इंग्रजी, अशी स्थिती आहे. पडद्यावरील मराठी विषयशिक्षकानेच तपासावयास हवी.

शिक्षणशास्त्र महाविद्यालयांत हे काम गणित अध्यापन पद्धतीच्या तासिकेचे प्रात्यक्षिक म्हणून घेता येईल. प्रत्येक छात्राध्यापकाने पन्नास शब्द घेऊन ते सहावी ते दहावीच्या पाठ्यपुस्तकांशी ताडून पाहावेत. मतभेद असेल तेथे मराठी विभागाचे मत घ्यावे. फाइल एकदा उतरवून घेतली की पुढील तपासणीस इंटरनेटही लागत नाही आणि जुन्यातला जुना संगणकही पुरतो.