जवळच्या मार्गासाठी विमान कोणते?

आपली मुले मोबाइलवर विमान कंपनी चालविण्याचा खेळ खेळतात. विमान घेणे, मार्ग ठरविणे, भाडे लावणे हे सारे त्यात असते. खेळ असला तरी हिशेब धंद्याचाच आहे. व्यापारी बंधूंनी तो समजून घ्यावा.

समजा, मार्ग ३०० किलोमीटरचा आणि एका फेरीला उतारू ६०. एअरबस ए-३२० जेटमध्ये सुमारे १८० जागा; दोन तृतीयांश रिकाम्या जातील. पंख्यांवर चालणाऱ्या एटीआर-७२ मध्ये सुमारे ७० जागा; ते बहुतेक भरेल आणि इंधनही बरेच कमी लागेल.

वेगाचे काय? जेट ताशी सुमारे ८३० किलोमीटर जाते, एटीआर सुमारे ५००. ३०० किलोमीटरला हा फरक जेमतेम पाव तासाचा. ११०० किलोमीटरला मात्र तो पाऊण तासाहून अधिक होतो; तिथे जेटच योग्य.

जवळच्या मार्गावर विमान दिवसातून अनेकदा उतरते. टायर, ब्रेक व तपासणीचा हा खर्च आधीच धरावा. उतारू वाढले तर मोठ्या विमानाआधी फेरी वाढवावी. सकाळी जाऊन संध्याकाळी परतणारा माणूस वेळ पाहून तिकीट घेतो.

भिवंडी-मालेगावच्या कारखानदारालाही हाच हिशेब लागू आहे. व्याजाचे कर्ज काढून मोठे यंत्र आणायचे आणि कामाअभावी ते बंद ठेवायचे, हा इसराफ झाला. हातातल्या कामापुरते यंत्र पूर्ण वेळ चालावे, बरकत त्यातच आहे.