दहा महिन्यांची लेक

माझ्या बहिणीच्या पुण्यातल्या घरी इटलीहून सोळा वर्षांची एक मुलगी शिकायला आली होती. पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टींनी घर अस्वस्थ झालं. जेवण झालं की ती खोलीचं दार लावून घ्यायची. आपल्याकडे दार लावून बसणं म्हणजे रुसणं. आणि ताटात काहीही वाढलं की लगेच ‘थँक यू’. तिसऱ्या दिवशी बहिणीच्या सासूबाईंनी विचारलंच, “घरच्या माणसाचे कुणी आभार मानतं का गं?” ती गोंधळली. तिच्या घरी आभार न मानणं हा उद्धटपणा होता, आणि बंद दाराला काही अर्थच नव्हता. हे एकमेकांना उलगडायला दीड महिना लागला. पंधरा दिवसांच्या सहलीत ते उलगडत नाही; तेवढे दिवस दोन्हीकडून पाहुणचारच चालतो.

शाळकरी मुलांची ही देवाणघेवाण ज्यांनी रुजवली त्यांत रुग्णवाहिका चालवणारी माणसं होती. १९१५ साली ए. पायट अँड्र्यू यांनी फ्रान्समध्ये अमेरिकन फील्ड सर्व्हिस, म्हणजे एएफएस, उभी केली. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलीही नव्हती. कॉलेजांतून आलेले स्वयंसेवक फ्रेंच जखमींना आघाडीवरून मागे आणत. व्होज पर्वताच्या ज्या वाटांवर खेचरांचा भरवसा होता, तिथे त्यांच्या हलक्या फोर्ड गाड्या चढल्या. त्याच डोंगरात, नाताळच्या आदल्या रात्री, रिचर्ड हॉल हा तरुण चालक तोफगोळ्याने मारला गेला.

दुसऱ्या महायुद्धात हीच संघटना उत्तर आफ्रिका, इटली आणि ब्रह्मदेशात राबली. इटलीत ज्या ब्रिटिश आठव्या सैन्यासाठी तिच्या गाड्या धावल्या, त्याच सैन्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी लढत होत्या. पळसगावच्या यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मध्ये तिथेच वीरमरण आलं आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बर्गन-बेल्सनची छळछावणी मोकळी झाली, तेव्हा तिथल्या मरणाच्या दारातल्या माणसांना हलवणाऱ्यांतही एएफएसचे चालक होते.

इतकं पाहून घरी परतलेली माणसं १९४६ मध्ये स्टीफन गलाटी यांच्याभोवती पुन्हा जमली. पुढच्या वर्षी १० देशांतली ५२ मुलं अमेरिकेतल्या शाळांत दाखल झाली. मूळ रीत साधी: मूल पाहुणा म्हणून येत नाही, घरातलं होऊन राहतं, शाळेत जातं, घरची कामं करतं, रागावून घेतं. यजमान कुटुंबाला मोबदला नसतो. माझ्या मते सगळं बळ या शेवटच्या अटीत आहे. पैसे घेतले की भाडेकरू होतो, लेक होत नाही.

वैर जिथे ताजं, तिथेच ही कल्पना पुन्हा पुन्हा उगवली. जानेवारी १९६३ मध्ये फ्रान्सचे द गॉल आणि पश्चिम जर्मनीचे आडेनाउअर यांनी एलिझे करार केला आणि त्याच वर्षी फ्रेंच-जर्मन युवा कार्यालय सुरू झालं. आजवर ९० लाखांहून अधिक तरुण त्यातून एकमेकांकडे जाऊन आले. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथल्या मुलांसाठी अमेरिकेने फ्लेक्स शिष्यवृत्ती काढली. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर, २००२ मध्ये, एडवर्ड केनेडी आणि रिचर्ड लुगर या सिनेटरांच्या पुढाकाराने मोठी मुस्लिम लोकसंख्या असलेल्या देशांतल्या मुलांसाठी ‘यस’ शिष्यवृत्ती सुरू झाली. भारतातली मुलंही तिच्यातून गेली आहेत. या शिष्यवृत्त्या फार मोलाच्या आहेत, कारण स्वखर्चाने वर्षभर परदेशी शिकणं मध्यमवर्गालाही झेपत नाही. शिष्यवृत्ती नसेल तर श्रीमंतांची मुलं श्रीमंतांच्याच घरी राहून येतील.

आपल्याकडच्या काही शाळा आठवड्याच्या परदेश सहलीलाही ‘एक्स्चेंज’ म्हणतात. सहल जरूर काढावी, पण हे नाव तिला देऊ नये.

बहिणीच्या घरी चौथ्या महिन्यात त्या मुलीने परातीत भाकरी थापली. ती फाटली. आजींनी तीच आपल्या ताटात घेतली. मुलगी बघत राहिली. आभार मात्र कुणीच मानले नाहीत.

बाहेर जाणाऱ्या मुलांची चौकशी आपण खूप करतो. येणाऱ्या मुलांना मात्र घरं लागतात. तुमच्या मुलांच्या शाळेतून तशी सूचना आली, तर ती बाजूला ठेवू नका. एक खाट, एक जास्तीचा डबा आणि दहा महिने लागतात. घरातल्या थोरांना विचारा आणि होकार कळवा.