सरपणाची पन्नास वर्षं

भोर-वेल्ह्याच्या पश्चिम अंगाला घर ऊबदार ठेवायला वेगळी शेगडी कधी लागली नाही. ते काम चुलीकडेच असायचं. आषाढात पावसाची झड लागली की ओलं घोंगडं तिच्याशेजारी वाळायचं, अंघोळीचं पाणी तिच्यावर तापायचं आणि वरच्या बांबूच्या माचावर दुसऱ्या दिवशीची लाकडं धुरात सुकायची. भाकऱ्या उरकल्या की दुधाचं पातेलं वैलावर सरकवायचं. गेल्या पन्नास वर्षांत या घरांसाठी जी जी नवी चूल आखली गेली, तिने यातलं एकच काम धरलं, स्वयंपाकाचं.

सरपण मुबलक होतं तोवर चुलीचा हा दिवसभराचा पसारा कुणाला खटकला नाही. पण पानशेत-वरसगाव धरणांबरोबर रस्ते आले आणि रस्त्यांमागून कोळशाचे व्यापारी. खोऱ्यातली भाताची खाचरं पाण्याखाली गेली, माणसं डोंगरउतारावर सरकली, हातात पैसा नव्हता. मालकीची झाडं भट्टीत गेली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक या भागात देवराया पाहत हिंडत होते, तेव्हा बऱ्याच ठिकाणी दाट झाडी उरली होती ती देवाच्या धाकाने. त्यांचा निबंध 1976 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे सरपण टंचाईचं खापर बाईच्या मोळीवर फोडलं गेलं. भट्ट्यांचा उल्लेख क्वचितच होतो.

1983 पासून केंद्राची सुधारित चुलींची योजना आली. मातीची निर्धूर चूल, तिला धुराडं. डोळ्यांना आणि छातीला त्याने आराम पडणार होता, यात वाद नाही. पण धुराडं काजळीने तुंबतं, ते साफ करायला कुणाला तरी कौलावर चढावं लागतं. शिवाय धूर बाहेर गेला की माचावरची लाकडं ओलीच. 2002 मध्ये योजना आटोपली.

मग पेलेट. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत घडलेली ‘ऊर्जा’ ही शेगडी 2006 मध्ये बीपी कंपनीने बाजारात आणली. 2009 नंतर ती पुण्याच्या फर्स्ट एनर्जीकडे आली. उसाचं चिपाड, शेंगांची टरफलं असा शेतमालाचा कचरा दाबून केलेल्या कांड्या, म्हणजेच पेलेट, आत भरायच्या. बॅटरीवरचा छोटा पंखा हवा देतो, कांड्यांतून निघालेला वायू वरच्या भोकांशी पेटतो, धूर जवळजवळ नाही. एकदा भरली की साधारण तासभर चालते. महाराष्ट्र, कर्नाटक, तमिळनाडूत मिळून सुमारे 4 लाख शेगड्या खपल्या, हे थोडंथोडकं नव्हे. पण त्याच कचऱ्यावर कारखान्यांच्या बॉयलरांचीही नजर गेली, कांड्या महागल्या आणि कंपनी हॉटेलांच्या भटारखान्यांकडे वळली. माझ्या मते सह्याद्रीच्या कुशीत ती तशीही अडली असती. जळण किलोवर विकत आणायचं आणि तेही तासाभरात विझणार. रात्रभर धगधगणाऱ्या ओंडक्याची जागा ती कशी घेणार?

मे 2016 मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि सिलिंडर वाड्या-वस्त्यांवर पोचला. चहा, पाहुणे, सकाळची घाई गॅसवर निभावते. अंघोळीच्या पाण्यासाठी 14.2 किलोची टाकी जाळणं कुणाला परवडत नाही. त्यामुळे पडवीत चूल आहेच. पेलेटला मात्र भलतंच गिऱ्हाईक मिळालं: 2021 च्या केंद्राच्या धोरणाने औष्णिक वीज केंद्रांना कोळशात 5 टक्के पेलेट मिसळायला सांगितलं. आणि राजगड-तोरण्याला येणारे पुणेकर ‘चुलीवरचं मटण’ अशी पाटी वाचून गाडी थांबवतात, वर चार पैसे जास्त मोजतात.