पत्र कोणासाठी? : इंग्रजीच्या परीक्षेतील लेखनाविषयी

धार आणि देवास या दोन्ही गावांतील मराठी घरांतून अधूनमधून एखादा तरुण डॉक्टर विलायतेच्या वाटेला लागतो. जाण्यापूर्वी तो भेटावयास येतो आणि बहुधा एकच तक्रार सांगतो : "काका, ऐकणे, वाचणे, बोलणे जमले, लेखनात अडकलो." वैद्यकाची जाडजूड इंग्रजी पुस्तके पचवलेल्या मुलाला दोनशे शब्दांचे पत्र का अडवते, याचा विचार करताना मला माझ्याच जुन्या चिठ्ठ्या आठवल्या. म्हणून स्मरणिकेसाठी हा विषय निवडला.

प्रथम परीक्षेचे स्वरूप पाहू. ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलपुढे इंग्रजीचे ज्ञान सिद्ध करण्याचे दोन परिचित मार्ग आहेत. पहिला आयेल्ट्सचा. त्यात लेखनास साठ मिनिटे असतात. एखाद्या आलेखाचे वा तक्त्याचे किमान १५० शब्दांत वर्णन आणि सर्वसाधारण विषयावर किमान २५० शब्दांचा निबंध लिहावा लागतो. दुसरा ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्टचा, म्हणजेच ओईटीचा. ही परीक्षा ऑस्ट्रेलियात खास आरोग्यसेवेतील लोकांसाठी घडवली गेली आणि कौन्सिलने ती २०१८ पासून स्वीकारली. तीत चारही विभागांत ५०० पैकी किमान ३५० गुण लागतात.

ओईटीच्या लेखनात निबंध नसतो. रुग्णाची टिपणे हाती देतात आणि त्यावरून साधारण १८० ते २०० शब्दांचे पत्र लिहावयाचे असते. बहुधा दुसऱ्या डॉक्टरकडे रुग्ण पाठवण्याचे. वेळ ४५ मिनिटे. पैकी पहिली पाच केवळ वाचनाची, तेव्हा लेखणी चालवता येत नाही. गुण सहा कसोट्यांवर मिळतात : पत्राचा हेतू, मजकुराची निवड, नेमकेपणा, व्यवसायास साजेशी शैली, मांडणी आणि भाषा. सहांपैकी भाषा ही एकच कसोटी आहे, हे आपल्या मुलांच्या ध्यानात येत नाही. ती व्याकरणाची पुस्तके पाठ करतात आणि टिपणातील प्रत्येक ओळ इमानाने पत्रात उतरवतात. तेथेच गुण जातात.

समजा, टिपणात ५८ वर्षांच्या मधुमेही निवृत्त शिक्षकाची हकीकत आहे. लहानपणी टॉन्सिलची शस्त्रक्रिया, मेटफॉर्मिन चालू, पत्नी वारलेली, पायावर तीन आठवडे न भरणारी जखम. पत्र शल्यचिकित्सकास असेल तर जखम आणि आपली विनंती आरंभीच हवी. त्यामागून साखर, पायाचा रक्तप्रवाह, औषधे, अ‍ॅलर्जी. टॉन्सिलला तेथे जागा नाही. तेच पत्र घरी येऊन मलमपट्टी करणाऱ्या परिचारिकेस असेल, तर निवड बदलते. पट्टी कधी बदलावी, कोणते लक्षण दिसताच कळवावे, हे तिला हवे; आणि रुग्ण घरी एकटा राहतो, ही क्षुल्लक वाटणारी ओळ तिच्यासाठी मोलाची ठरते. पहिली पाच मिनिटे याच निवडीसाठी आहेत.

ही निवड न साधल्याने काय होते, ते मी अनुभवले आहे. सुमारे तीस वर्षांपूर्वी धारजवळच्या खेड्यातील एक शेतकरी न्यूमोनियाने अत्यवस्थ झाला. त्यास इंदूरच्या एका रुग्णालयात पाठवताना मी पानभर लिहिले : तापाचा तक्ता, रक्ताचे सारे आकडे, दिलेली प्रत्येक बाटली. त्याला पूर्वी पेनिसिलिनची रिअ‍ॅक्शन आली होती, ही ओळ मात्र पानाच्या तळाशी, संक्षेपांच्या गर्दीत राहिली. रात्रपाळीच्या डॉक्टरांच्या नजरेतून ती सुटली आणि इंजेक्शन दिले गेले. रुग्ण वाचला, पण दोन दिवस तो मृत्यूच्या दारात होता. त्या डॉक्टरांस मी कधी दोष दिला नाही. चिठ्ठी माझी होती. परीक्षेत त्या पानाला जे गुण मिळाले असते, तेच त्याचे खरे मोल होते.

भाषेच्या चुकाही बहुतांशी आपल्या मातृभाषेतून येतात. 'तीन दिवसांपासून ताप आहे' हे आपले वर्तमानकाळी वाक्य 'इज हॅविंग फीव्हर सिन्स थ्री डेज' असे उतरते. इंग्रजीस तेथे 'हॅज हॅड अ फीव्हर फॉर थ्री डेज' लागते. 'अ' आणि 'द' ही उपपदे मराठीत नाहीत, म्हणून ती गळतात. 'बीडी', 'टीडीएस' हे संक्षेप आपल्या कागदावर शोभतात. पत्रात 'ट्वाइस डेली', 'थ्री टाइम्स अ डे' असे पूर्ण लिहावे.

सरावासाठी महागडी शिकवणीच हवी असे नाही. आपल्याच ओपीडीतील एका रुग्णाचे टिपण, नाव-गाव वगळून, समोर घ्यावे. पाच मिनिटे केवळ वाचावे, चाळीस मिनिटांत पत्र लिहावे. मग दुसऱ्या शाखेच्या सहकाऱ्यास ते देऊन एकच प्रश्न विचारावा : "हा रुग्ण उद्या तुमच्याकडे आला तर प्रथम काय कराल?" त्याला उत्तर देता आले नाही, तर पत्र पुन्हा लिहावे. आठवड्यास अशी दोन पत्रे लिहिली तरी दोन-तीन महिन्यांत हात वळतो.

इंग्रजी पत्रांशी आपल्या देवासचे नाते जुने आहे. कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खासगी चिटणीस म्हणून काही महिने येथे राहिले. येथून त्यांनी घरी धाडलेली पत्रे १९५३ साली 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात आली. त्यातील टेकडी म्हणजे आपली माताजींचीच टेकडी. आपल्याला ठाऊक आहे ते वाचणाऱ्याला ठाऊक नाही, हे धरूनच अशी पत्रे लिहावी लागतात.

परदेशी न जाणाऱ्या आम्हा डॉक्टरांनाही हाच धडा लागू आहे. आपले रुग्ण आजही चिठ्ठी घेऊन इंदूरला जातात. तेव्हा सभासद बंधुभगिनींना विनंती, की परीक्षार्थी मुलांची पत्रे तपासावयास थोडा वेळ द्यावा, आणि त्याच बैठकीस आपलीही एखादी चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवावी.