नाण्यावर नाणं

नव्या ऑफिसातला पहिला दिवस. एचआरवाली तुम्हाला तुमच्या डेस्कपाशी आणून सोडते. ड्रॉवरवर तुमच्या नावाचं कोरं करकरीत स्टिकर. पण जरा तिरकं बघितलं की खाली आधीच्या माणसाचं नाव दिसतंच. कुण्या कुलकर्ण्यांचा उकार तुमच्या आडनावाबाहेर डोकावत असतो. जुनं स्टिकर खरवडायचा कंटाळा, दुसरं काय!

अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीक टांकसाळींमध्ये हेच चालायचं. फक्त स्टिकरच्या जागी ठसा आणि ड्रॉवरच्या जागी अस्सल चांदी.

तेव्हा नाणं पाडणं म्हणजे घाम काढणारं काम. चांदी वितळवायची, नेमक्या वजनाची चकती तयार करायची, ती तापवून ऐरणीत बसवलेल्या ठशावर ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा हाणायचा. दोन्ही बाजू एकदम तयार. यातलं कटकटीचं काम म्हणजे ती चकती. मग कुणीतरी फंडा काढला : चकती हवीच कशाला? दुसऱ्या शहराचं नाणं आयतं हातात आहे, वजनही जवळपास जुळतंय. तापवा आणि हाणा. नाणेशास्त्रात याला ओव्हरस्ट्राइक म्हणतात. आपल्याकडचे अभ्यासक पुनर्मुद्रांकन म्हणतात.

दक्षिण इटलीच्या किनाऱ्यावर मेटापोंटम नावाचं ग्रीक शहर होतं. सुपीक जमीन, त्यामुळे नाण्यावर सातूची टपोरी ओंबी. पण पिकायचं ते धान्य. चांदीची खाण काही जवळ नव्हती. चांदी यायची व्यापारातून आणि पुष्कळदा तयार नाण्यांच्या रूपातच. कोरिंथच्या नाण्यावर पेगॅसस, म्हणजे पंखवाला घोडा असायचा. लोक त्या नाण्याला लाडानं 'शिंगरू' म्हणायचे. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात मेटापोंटमनं अशी कितीतरी शिंगरं ओंबीखाली दाबली. हातोडा जरा हलका पडला, चकती कमी तापली, की ओंबीच्या दाण्यांमधून घोड्याचा पंख नाहीतर पाय वर यायचा.

असं नाणं बघितल्यावर आपल्या डोक्यात पहिली येते ती खुन्नस. शत्रूचं नाव पुसलं, अपमान केला वगैरे. तसं काही नाही, बॉस. बहुतेक वेळा हा निव्वळ काटकसरीचा मामला होता.

पण टांकसाळीतल्या या शॉर्टकटनं इतिहासकारांची मोठी सोय केली. ग्रीक नाण्यांवर बहुधा साल नसतंच. मग कुठलं आधीचं आणि कुठलं नंतरचं, हे ठरवायचं कसं? एकावर एक दोन छाप दिसले की वाद मिटला : खालचा आधीचा, वरचा नंतरचा. अमेरिकेतल्या सिडनी नो यांनी १९२७ आणि १९३१ मध्ये मेटापोंटमच्या नाण्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा कामात कोपऱ्यातला तो पंख फार मोलाचा ठरतो.

क्रीट बेटावरची गोष्ट तर सिनेमाच्या लायकीची आहे. अलेक्झांडरचा खजिनदार हार्पलस तिजोरीतला मोठा माल आणि भाडोत्री सैनिक घेऊन पळाला. क्रीटमध्ये त्याचा खून झाला. खून करणारा थिब्रॉन ते पैसे आणि ती माणसं घेऊन समुद्रापलीकडच्या सायरीनीवर, म्हणजे आजच्या लिबियात, चालून गेला. इसवी सनापूर्वी ३२२ च्या सुमारास त्याचाही निकाल लागला. यानंतरच्या काळातल्या क्रीटमधल्या गॉर्टिन, फेस्टॉस या शहरांच्या काही नाण्यांखाली सायरीनीची नाणी सापडतात. कुठे सिल्फियम या तिथल्या प्रसिद्ध वनस्पतीचा देठ, कुठे शिंगवाल्या देवाचं डोकं. जगून वाचून परतलेल्या क्रीटच्या सैनिकांनी आपला पगार गावी आणला आणि गावच्या टांकसाळीनं त्यावर आपला ठसा मारला, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

अलेक्झांडरच्या मागोमाग ही ग्रीक नाणी भारताच्या वायव्येला रुळली. तिथल्या ग्रीक राजांच्या चांदीच्या द्रम्मांची नक्कल पुढे क्षत्रपांनी केली. म्हणून तर नाशिक भागावर राज्य करणाऱ्या क्षहरात नहपानाच्या नाण्यावर त्याचा चेहरा आहे आणि भोवती ग्रीक अक्षरं. शब्द प्राकृत, लिपी ग्रीक. आपण मोबाईलवर इंग्रजी अक्षरांत मराठी टाईप करतो ना, अगदी तस्संच!

१९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी इथे या नाण्यांचं घबाड सापडलं. थोडीथोडकी नाहीत, १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी. त्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप मारलाय : एका बाजूला कमानींचा डोंगर आणि स्वतःचं नाव, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. कित्येक नाण्यांवर डोंगराच्या आडून नहपान अजून बघतोय.

इथे मात्र खुन्नस होती. गौतमीपुत्रानं क्षहरात घराण्याचा समूळ नाश केला, असं त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा, नाशिकचा शिलालेख सांगतो. तरी त्यानं नाणी वितळवली नाहीत. २०१६ मध्ये आपल्या जुन्या नोटांचे तुकडे करून विटा पाडल्या गेल्या आणि नव्या नोटांच्या मापासाठी एटीएमची मशिनं बदलावी लागली, ते आठवा. गौतमीपुत्रानं चांदी तीच ठेवली, वजन तेच ठेवलं, नाव बदललं. शिवाय त्याच घबाडात सुमारे चार हजार नाणी बिनछापाची राहिली. ती साठवणाऱ्याला जुना राजा आणि नवा राजा एकाच ढिगात चालत होते. मला तर या प्रकरणातला सगळ्यात हुशार माणूस तोच वाटतो.

वीकेंडला नाशिकला गेलात तर पांडवलेणी चढा. दहा नंबरच्या लेण्यात नहपानाच्या जावयाचे, उषवदाताचे, लेख आहेत. त्यांच्यावर कुणी छिन्नी चालवलेली नाही. तीन नंबरच्या लेण्यात गौतमीपुत्राचा लेख आहे. त्यात त्यानं भिक्षूंना २०० निवर्तनं जमिनीचं एक शेत दान दिलंय. ते शेत आधी कुणाकडे होतं, हेही तिथेच कोरलंय : उषवदाताकडे.