माळेतला २१७वा मणी

अमेरिकेत एडिसनला राहणारा माझा मावसभाऊ एकदा अपरात्री फोन करून म्हणाला, "दादा, आईचा रक्ताचा रिपोर्ट आलाय. पी-टाऊ २१७. जास्त आहे का रे?" म्हटलं, अरे, २१७ हा मावशीचा आकडा नव्हेच, तो पत्ता आहे! मग झोपेचं खोबरं झालं ते झालंच. या २१७वर बोलायला मला कुणी तरी हवंच असतं.

टाऊ हे चेतापेशींतलं प्रथिन. पेशीच्या लांबलचक धाग्यात मालवाहतुकीचे रूळ असतात, ते जागच्या जागी धरून ठेवणं हे त्याचं काम. १९७५मध्ये प्रिन्स्टनला मार्क किर्शनर यांच्या प्रयोगशाळेत ते सापडलं, तेव्हा विसराळूपणाचा विषयही तिथे नव्हता. मेंदूतल्या टाऊची सर्वांत लांब माळ ४४१ अमिनो आम्लांची. तिच्यातल्या २१७व्या मण्याला फॉस्फेट चिकटला की झालं पी-टाऊ २१७. अल्झायमरच्या आजारात मेंदूत अमिलॉइड या प्रथिनाचे थर साचू लागले की हे वाढतं आणि त्यातलं कणभर रक्तात उतरतं. कणभर म्हणजे किती? एक मिलिलिटर रक्तद्रवात एका ग्रॅमच्या लाख कोटीव्या भागाच्या आसपास.

एवढंसं मोजायचं कसं? बोस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठातले डेव्हिड वॉल्ट आणि त्यांचे सहकारी यांनी काढलेली एक युक्ती २०१०मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यावर माझा फार जीव आहे. हव्या त्या रेणूला पकडणारे प्रतिपिंड चुंबकीय मण्यांवर बसवायचे आणि एका खळग्यात एकच मणी मावेल अशा हजारो खळग्यांत ते मणी सोडायचे. ज्या मण्याने रेणू धरला, त्याचा खळगा चमकतो. दिवाळीच्या रात्री लांबून समोरच्या सोसायटीतल्या उजळलेल्या खिडक्या मोजाव्यात, तसं ते मोजणं. उजेड किती हे पाहायचं नाही, खिडक्या किती एवढंच.

हे मोजून काय कळतं, ते पाहायला आता कोलंबियाला जाऊ. तिथल्या अँटिओकिया प्रांतात, यारुमालच्या परिसरात, एका मोठ्या कुळातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या चाळिशीतच सगळं विसरू लागत. लोक त्याला 'ला बोबेरा', म्हणजे खुळेपणा, म्हणत. आपल्याकडे 'बाहेरचं' म्हणतात, तसे शापाबिपाचे तर्कही चालत. डॉ. फ्रान्सिस्को लोपेरा १९८०च्या दशकापासून या घरांचे उंबरे झिजवत राहिले. चर्चच्या नोंदवह्यांतून वंशावळी जुळवल्या गेल्या आणि दोष निघाला प्रेसेनिलिन-१ या जनुकातल्या एका बदलाचा. तो ज्यांच्यात असतो, त्यांची स्मृती साधारण ४४व्या वर्षी अडखळू लागते. २०२०मध्ये या कुळातल्या ६२२ जणांचं रक्त तपासलं गेलं. दोष असलेल्यांचं पी-टाऊ २१७ पंचविशीतच इतरांपेक्षा वर सरकलेलं होतं. म्हणजे पहिली चावी हरवण्याच्या वीस वर्षं आधी! लोपेरा २०२४मध्ये गेले. त्यांच्या वाट्याला आले त्याहून मोठे सन्मान यायला हवे होते, असं माझं मत आहे.

(इतिहास थोडक्यात: डॉ. अलोइस अल्झायमर यांनी फ्रँकफर्टच्या एका रुग्ण बाईच्या मेंदूत हा आजार पाहिला आणि १९०६मध्ये ट्युबिंगेनला सांगितला. नंतर बराच काळ पक्कं निदान व्हायचं ते माणूस गेल्यावर. मग पाठीतून पाणी काढणं आलं, मग महागडं पेट स्कॅन.)

रक्तावर सारी भिस्त ठेवावी का? स्वीडनमध्ये १,२१३ रुग्णांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२४मध्ये आले. अल्झायमर आहे का, याचा फॅमिली डॉक्टरांचा अंदाज ६१ टक्के वेळा बरोबर ठरला, तज्ज्ञांचा ७३ टक्के आणि रक्ततपासणीचा ९१ टक्के. मे २०२५मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फुजिरेबिओ या जपानी कंपनीच्या अशा तपासणीला परवानगी दिली, पण ती पंचावन्नच्या पुढच्या आणि लक्षणं असलेल्यांसाठीच. मूत्रपिंड नीट चालत नसेल तर पी-टाऊ २१७चा आकडा उगाच वर जातो. शिवाय तो सांगतो मेंदूत काय साचलंय ते. विसरणं किती, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. वर्षानुवर्षं तो चढत राहिला तर स्मृतीही घसरते, असं दिसलंय खरं, पण ते शेकडो माणसांच्या सरासरीत.

मावशीला डॉक्टरांनी घड्याळ काढायला सांगितलं होतं, अकरा वाजून दहा मिनिटांचं. भावाने फोटो पाठवला. वर्तुळ सुरेख, रांगोळी घालणारा हात तो. पण बाराही आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने बसलेले, काटा एकच आणि तोही दहावर. त्या कागदाने मला जे सांगितलं, ते रिपोर्टने सांगितलं नव्हतं.

घरात कुणी विसरायला लागलं असेल, तर आधी बी-१२, थायरॉइड, कान, नैराश्य आणि झोपेच्या गोळ्या यांकडे पाहा. काहीच त्रास नसेल, तर हौसेखातर ही तपासणी करू नका. आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे निघालात, तर सोबत मूत्रपिंडाच्या तपासणीचा, म्हणजे क्रिएटिनिनचाही कागद न्या.