मशीनवरची गोधडी : पहिल्यांदाच शिवू पाहणाऱ्यांसाठी

पौष-माघात ग्वाल्हेरचा पारा अनेकदा ५-६ अंशांपर्यंत उतरतो. त्या दिवसांत रजाई लागतेच. पण दिवाळीनंतरची आणि होळीच्या आधीची जी मधली थंडी असते, तिला गोधडीच बरी. आपल्या घरांतल्या आज्यांनी जुन्या नऊवारींचे थर घालून, हाताने धावदोरा घालत अशा गोधड्या शिवल्या. आता तसा टाका घालणारे हात फार थोड्या घरांत उरलेत. पेटीतली लुगडी मात्र तशीच आहेत, आणि घडीवर विरत चालली आहेत. म्हणूनच घरच्या शिलाई मशीनवर गोधडी शिवण्याच्या पद्धतीबद्दल आम्ही इथे थोडं सविस्तर लिहीत आहोत. ही पद्धत ‘फ्री-मोशन’ या नावाने ओळखली जाते. नावाने घाबरू नये.

नेहमीच्या शिवणात सुईखालचे दाते कापड पुढे सरकवतात, म्हणून टीप सरळ येते. फ्री-मोशनमध्ये हे दाते खाली घेतात किंवा झाकतात. मग कापड कुठे न्यायचं ते तुमचे दोन हात ठरवतात. ज्यांनी कधी रिंग लावून मशीनवर भरतकाम केलं आहे, त्यांना हे तत्त्व ठाऊकच आहे. इथे रिंगऐवजी तळहात कापड ताणून धरतात, एवढाच फरक.

पेनाने लिहिताना कागद स्थिर असतो आणि पेन फिरतं. इथे सुई जागेवर राहते आणि ‘कागद’ फिरतो. यावर मोडी लिपीचं उदाहरण आम्हाला फार उपयोगी वाटतं. शिंदे दरबाराचा पत्रव्यवहार ज्या मोडीत चाले, तिच्यात लेखणी शक्य तितकी न उचलता अक्षराला अक्षर जोडत जातात. गोधडीवरची नक्षीही तशीच, दोरा न तोडता पुढे जाणारी हवी. म्हणून मशीनवर बसण्याआधी कागदावर पेन न उचलता लाटा, वेटोळी, वेली काढून पाहा. हाताला वळण आधी कागदावर पडतं.

मशीन कोणतं? पायाचं काळं मशीन चालेल, मोटरचंही चालेल. हाताने चाक फिरवायचं मशीन मात्र नको, कारण इथे दोन्ही हात मोकळे लागतात. काही मशीनना दाते खाली घेण्याची कळ असते. ती नसेल तर दात्यांवर बसणारी भरतकामाची प्लेट लावतात. नेहमीचा फूट काढून डार्निंग फूट लावा आणि १४ नंबरची नवी सुई घाला. बोथट सुईने टाके सुटतात.

पहिला प्रयोग आजीच्या लुगड्यावर करू नका. भीतीचं खरं कारण तेच असतं, की आहे ते एकमेव कापड बिघडेल. जुन्या सुती चादरीचे साधारण १२ इंचांचे चौकोन कापा. दोन चौकोनांच्या मधे पातळ फ्लॅनेल ठेवा आणि तळहाताएवढ्या अंतरावर सेफ्टी पिना लावा. पिंजलेला सुटा कापूस नको. तो रजाईत शोभतो, इथे सरकतो आणि गोळा होतो. ग्वाल्हेर सूटिंगचे जुने तुकडेही यासाठी नकोत, सुती कापडच हाताला साथ देतं.

आता क्रम असा. सुई एकदा खाली-वर करून बॉबिनचा दोरा वर ओढून घ्या. दोन्ही दोरे हातात धरून एकाच जागी तीन-चार टाके घाला आणि मगच पुढे सरका. फूट कापडाच्या किंचित वर तरंगल्यासारखा दिसला, तरी त्याची कळ खाली पाडायला विसरू नका. कळ वर राहिली तर वरच्या दोऱ्याला ताण मिळत नाही आणि खाली दोऱ्याचा गुंता होतो. नवशिक्यांच्या बहुतेक गुंत्यांचं कारण हेच असतं.

टाका लहान-मोठा का होतो? मशीन सेकंदाला १० टाके घालत असेल आणि हात त्याच सेकंदात २५ मिलिमीटर सरकला, तर टाका अडीच मिलिमीटरचा येतो. हात घाईने ओढला तर टाका लांबतो, हात थबकला तर टाके एकावर एक बसतात. घाबरलेला माणूस पाय हळू ठेवतो आणि हात भरभर ओढतो. करायचं याच्या उलट : पायाची लय मध्यम आणि एकसारखी, हात सावकाश.

दर चौकोनानंतर कापड उलटून पाहा. उलट बाजूस वरच्या दोऱ्याचे ठिपके दिसले तर वरचा ताण थोडा वाढवा. बॉबिनचा दोरा वर दिसू लागला तर ताण कमी करा. फक्त वळणांवर पापण्यांसारखे दोरे दिसले, तर दोष बहुधा ताणाचा नसतो. तिथे हात वेगात वळलेला असतो. खांदे आखडले की नक्षीही आखडते, म्हणून दर १५-२० मिनिटांनी उठा.

आठ-दहा चौकोन झाले की बाळाचं दुपटं करायला घ्या. हाताच्या अनेक गोधड्यांत टाका कडेने सुरू होऊन फेरे घेत मध्याकडे जातो. मशीनवर मात्र मध्यापासून बाहेर जा, म्हणजे सुरकुत्या कडेला निघून जातात. मोठी गोधडी गुंडाळून टेबलावर ठेवा. ती खाली लोंबली तर तिचं वजन हातांना ओढतं.

त्यानंतर लुगड्याची पेटी उघडा. कापड धुऊन उजेडासमोर धरा आणि हलक्या हाताने ताणून पाहा. विरलेला भाग असेल तर त्याला मागून मलमल लावा, किंवा काठ-पदराचे धड तुकडे कापून नव्या सुती कापडावर जोडा. तुमची टीप आजीच्या धावदोऱ्यासारखी दिसणार नाही, आणि तशी दिसण्याची गरजही नाही. कापड पुन्हा अंगावर यावं, हे महत्त्वाचं.

शेवटी एका कोपऱ्यात, याच फ्री-मोशनने, लुगडं कुणाचं होतं ते नाव आणि शिवल्याचं साल लिहा. नातवंडांना पुढे ते विचारावं लागणार नाही.